पावसात धरलेली भाकरी

सोलापूर स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीसाठी रांग लागली होती. बाहेर भुरभुर चालू होती. कमलाकर गुरुजींच्या पुढं एक बाई नि एक गडी बोलत उभे होते. गुरुजींचे कान आपसूक तिकडं लागले.

“भाऊजी, ह्यांना जाऊन वर्स झालं. आज असते तर अंदमानचंच काडलं असतं बगा.”

“काडनारच की, वहिनी! भात्तरचा दुष्काळ. हितं प्यायला पानी न्हाय, आन् जोतीराम म्हनतो, मानसिंग, चल, पाऊस बगून यिऊ. गिरणीतनं रजा काडली, पाटीला पिशव्या बांदल्या आन् निगालो.”

“कडक भाकऱ्या दिल्या हुत्या मी. म्हैनोन्म्हैने टिकनाऱ्या.”

“तितल्या हवेत दुसऱ्या दिशीच मऊ पडल्या! रोज होडीनं ह्या बेटावरनं त्या बेटावर, आन् वरनं धो धो. चादर म्हनून वाळली न्हाय.”

“मग टाकल्या आसतील भाकऱ्या.”

“छ्या! जोतीराम आनिक पावसात धरायचा, भिजवून खायचा. म्हनायचा, भाकरी माज्या बायकूची, बजाची, आन् पाऊस हितला. आता काय पायजे?”

बाई शेडबाहेरच्या पावसाकडं बघू लागली.

“काय झालं, वहिनी?”

“पाऊस आला की हे भाकरी घिऊन अंगनात जायाचे. मी वरडायची, याड लागलंय का म्हनून. हसायचे नुसते.”

बाईनं गाठोडं सोडलं, एक भाकरी काढली आणि शेडबाहेर जाऊन हात लांब केला.

“वहिनी, गाडी लागली!”

“थांबा की. आजून कडकच हाय.”