दुधाने साक्ष दिली तो मंगळवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावसभागृह समितीचे प्रमुख माननीय श्री. लेनर्ड फॉसेट, व्यासपीठावर आम्ही अक्षरशः धरून बसवलेले पाहुणे, काउन्सिलचे निवृत्त शिक्षण अधिकारी माननीय श्री. पेनरोज, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे कामधंदा टाकून जमलो आहोत त्या आदरणीय म्युरिअल ब्रेथवेट बाई, मुलांना घरीच शिकवण्याचा उपद्व्याप अंगावर घेतलेले सर्व आईवडील, आजीआजोबा, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे न बघता सॉसेज रोलच्या ताटाकडे बघणाऱ्या माझ्या बाळांनो,

मी नोरीन टायसन. या सभागृहाच्या किल्ल्या गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. मला भाषणाची सवय नाही. ओरडायची आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

समिती मला म्हणाली, नोरीन, पाच मिनिटं बोल आणि बाईंचा गौरव कर. आता गौरव म्हणजे काय करायचं? बाईंनी एकतीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासलं. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, मांजर पाळतात. बाईंनी दर मंगळवारी सकाळी दहा ते साडेबारा इथे विज्ञानाचा क्लास काढला, तोही शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी. नऊ वर्षं चालवला. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून त्या स्कॉटलंडला बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. झाला गौरव. पण एवढंच बोलून खाली बसले तर मला माझीच लाज वाटेल.

कारण खरं सांगू? सुरुवातीला मला या बाई डोळ्यांसमोर नको असायच्या. इथली लाकडी जमीन मी गुडघ्यांवर बसून पुसते. तिच्यावर बीटचा रस, मेणाचे थेंब, आणि एकदा तर पडद्याला भोक! चौदा मुलं, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं, सगळ्यात मोठी पंधराची, आणि सगळी एकाच टेबलाभोवती कोंडाळं करून. मी म्हटलं, बाई, निदान वयाप्रमाणे तरी बसवा. तर म्हणतात कशा, "नोरीन, तुझ्या घरी जेवायला वयाप्रमाणे वेगळी टेबलं मांडतेस का?" 

त्यातून त्यांचा एक नियम. प्रयोग फसला, तर तो का फसला ते कळेपर्यंत कुणी तो ओतून द्यायचा नाही. मग काय, खिडकीत बरण्याच बरण्या! एक बरणी सहा आठवडे तिथे नांदत होती. बायकांचं गायन मंडळ नाकाला रुमाल लावून गात होतं. अध्यक्ष महाराज, तुम्हीच त्याबद्दल तक्रारीचं पत्र लिहिलं होतंत. विसरला असाल, मी विसरले नाही.

आणि मग माझ्यावरच वेळ आली. माझी नात ब्रायनी तेव्हा सात वर्षांची होती. ती सावकाश बोलते. विचारलेलं आधी मनात नीट लावून घेते आणि मग तोंड उघडते. तोवर शाळेत वर्ग दोन प्रश्न पुढे गेलेला असायचा. मुलं हसायची. एक दिवस तिने शाळेत बोलणंच बंद केलं. जवळजवळ सहा महिने एक शब्द नाही. रोज सकाळी ओकाऱ्या, पोटात दुखतंय. शेवटी माझ्या मुलीने, लिनेटने, तिला शाळेतून काढलं. तेव्हा मी लिनेटला काय म्हटलं, ते आज सगळ्यांसमोर सांगते. मी म्हटलं, पोरीचं वाटोळं करतेयस.  ती तशीच बेकरीतल्या कामावर निघून गेली.

मंगळवारी ब्रायनीला सांभाळायला घरी कुणी नसायचं, म्हणून मी तिला इथे आणायला लागले. चार आठवडे ती त्या कोपऱ्यात हीटरला पाठ लावून बसली. बाईंनी तिला एकदाही बोलावलं नाही. मला राग यायचा. म्हटलं, कसल्या या शिक्षिका, पोर बसलीय ते दिसत नाही का! पाचव्या मंगळवारी छोटा नेड, तेव्हा अवघा चार वर्षांचा, थर्मामीटर घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "हे तू धर. माझा हात नाही पोचत." ती उठली. त्यानंतर ती कधी कोपऱ्यात बसली नाही. आधी नेडशी बोलली, मग मुलांशी, मग बाईंशी. पण अनोळखी मोठं माणूस आलं की तोंडाला कुलूप.

आणि पेनरोज साहेब, दोन वर्षांनी तुमचं पत्र आलं.

नाही नाही, असे अवघडून बसू नका, चांगलंच बोलणार आहे. पत्रात लिहिलं होतं की ब्रायनीचं घरचं शिक्षण कसं चाललंय याची काउन्सिलला खात्री हवी आहे. कागद पाठवा, किंवा क्लास बघायला येऊ द्या. खात्री पटली नाही तर सप्टेंबरपासून पुन्हा शाळा.  ब्रायनीला आम्ही काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. पोरं भिंतीतूनसुद्धा ऐकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओकारी झाली, दोन वर्षांनी पहिल्यांदा.

आता आम्ही काय केलं ते ऐका आणि पोटभर हसा. शाळेला कंटाळून, शाळेवर रुसून, भांडून मुलांना घरी आणलेल्या आम्ही बायका! साहेब येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं? शाळा मांडली! मी पुढाकार घेतला. माळ्यावरून फळा काढला. खुर्च्यांच्या रांगा लावल्या, धाकटी पुढे, मोठी मागे. आयांनी मुलांकडून व्याख्या घोकून घेतल्या. केस विंचरले. नेडला टाय बांधला होता हो! बाई आल्या, दारात थबकल्या, रांगांकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "नोरीन, कुणी वारलंय का?"

हसलात ना? मीही आज हसते. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. कारण रांगा लावताना मी एक घोटाळा करून बसले होते. त्या दिवशी चीज करायचं होतं. फॉसेटांच्या गोठ्यातलं ताजं दूध बाईंनी सकाळीच कॅनमधून आणून ठेवलं होतं आणि त्या विसरलेले चमचे आणायला परत घरी गेल्या होत्या. माझी खुर्ची लागली, कॅन आडवा. सगळं दूध जमिनीवर! मी पुसून काढलं आणि चहाच्या कपाटातली दुधाची खोकी फोडून कॅन भरला. तीच ती, महिनोन्‌महिने टिकणारी, खूप तापवून बंद केलेली. म्हटलं, दूध ते दूध. कोणाला कळतंय?

साहेब आले. मागे बसले. वही उघडली. बाईंनी दूध कोमट केलं, ते घट्ट धरावं म्हणून रेनेटचे थेंब घातले आणि सगळे वाट बघत बसले. मधल्या वेळात साहेबांनी ब्रायनीला प्रेमाने विचारलं, "काय गं, तुला काय काय येतं?" ती खाली बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिनेटने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मला वाटलं, संपलं.

अर्धा तास झाला. बाईंनी सुरी घालून बघितली. दूध धरलंच नव्हतं. नुसतं पाणचट, तळाशी थोडा चोथा. म्हटलं आता ही आणखी शोभा! मी पुढे झाले, पातेलं उचललं आणि म्हटलं, "राहू द्या हो, आज रेनेटच जुनं असणार," आणि निघाले मोरीकडे.

तर मोरीच्या पुढ्यात ब्रायनी उभी.

"ओतायचं नाही, आजी."

एवढंच. पण सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. नेड टाय ओढत ओढत आला आणि म्हणाला, "का नाही झालं?" मग काय, रांगा कुठच्या आणि काय! दोन मिनिटांत चौदाच्या चौदा टेबलाभोवती. थोरली रोझालिंड थर्मामीटर बघतेय, कुणी रेनेटची बाटली वाचतंय. ब्रायनीने पातेल्यावर नाक नेलं. सावकाश. मग बाईंनी धाकट्यांना साय दाखवायला सकाळीच त्या ताज्या दुधातून बाजूला काढून ठेवलेली छोटी बरणी होती, तिचा वास घेतला.

"ह्याला साय आहे. त्याला नाही. आणि त्याला उकळल्यासारखा वास येतोय. दूध वेगळं आहे."

बाई म्हणाल्या, "कॅन तर मीच आणला."

ब्रायनी माझ्याकडे वळली. "आजी, तू दूध बदललंस का?"

साहेब बघतायत. लिनेट बघतेय. आणि मंडळी, मी खोटं बोलले. मी म्हटलं, "छे! काहीतरीच काय. तेच दूध आहे." वर आणखी म्हटलं, "मोठ्यांना असं विचारतात का?"

हे वाक्य मला आजही टोचतं. दोन वर्षांत कशीबशी बोलायला लागलेली पोर, आणि मी तिचं तोंड बंद करायला निघाले होते, तेही ती खरी असताना. मला वाटलं आता ती खाली बघेल. तिने बघितलं नाही. थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "तू खोटं बोलतेस असं मी नाही म्हणत. दूध म्हणतंय. परत करून बघू."

बरणीतलं दूध कोमट केलं. त्याच बाटलीतलं रेनेट. तेच थर्मामीटर. साहेबांची वेळ संपली होती, तरी त्यांनी कोट काढला, टेबलापाशी आले आणि विचारलं, "मी वास घेऊ का?" नेड म्हणाला, "घ्या, पण आधी हात धुवा." साहेब गेले की हो हात धुवायला!

त्या अर्ध्या तासात मी काय काय मनात आणलं! वाटलं, देवा, हेही दूध धरू नये. मग स्वतःचीच शिसारी आली. नात खोटी ठरावी म्हणून प्रार्थना करणारी मी कसली आजी? शेवटी ब्रायनीने सुरी घातली. दूध छान घट्ट झालं होतं, सुरीची रेघ उमटली. खोक्यातलं खूप तापवलेलं दूध रेनेटने धरत नाही, ताजं धरतं, हे मला तेव्हा कळलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी सांगून टाकलं. कॅन सांडला, खोकी फोडली, बदललं, खोटं बोलले. खाली बसले आणि रडले. मला वाटलं आता बाई मला फैलावर घेतील. बाई ब्रायनीला म्हणाल्या, "काय झालं ते कळलं. का झालं ते अजून राहिलंय."

ब्रायनी माझ्याजवळ आली. "का बदललंस, आजी?"

"तुला परत शाळेत पाठवतील म्हणून घाबरले गं."

ती म्हणाली, "मग मला सांगायचं ना. मीपण घाबरलेच होते. दोघी मिळून घाबरलो असतो."

पेनरोज साहेब, तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात. डोळ्यांत काहीतरी गेलं असेल. पंधरा दिवसांनी तुमचं पत्र आलं. खात्री पटली, असं त्यात लिहिलं होतं. लिनेटने ते बेकरीत सगळ्यांना वाचून दाखवलं, गिऱ्हाइकांनासुद्धा. त्याबद्दल तुमचे आभार त्या वेळी मानायचे राहून गेले, ते आज मानते.

बाई, माझं वय तेव्हा सदुसष्ट होतं. मला कुणी कधी चुकीची ठरवलं नव्हतं, कारण मी कुणाला तशी सोयच ठेवली नव्हती. त्या दिवशी नऊ वर्षांच्या पोरीने मला सगळ्यांदेखत पकडलं आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की लाज पुरती वाटायचीसुद्धा राहून गेली. लिनेटची माफी मी त्याच दिवशी घरी जाऊन मागितली.

आता एक गोष्ट, जी लिनेट आणि मी सोडून अजून कुणाला माहीत नाही. बाई, तुम्हालासुद्धा नाही. ब्रायनी आता अकराची झाली. गेल्या आठवड्यात मला म्हणाली, "आजी, मला सप्टेंबरपासून मोठ्या शाळेत जायचंय."  म्हटलं, अगं, तिथे रांगा असतात! म्हणाली, "असू देत. तिथे मायक्रोस्कोप आहेत. बारा." म्हटलं, आणि परत कुणी हसलं तर? तिने नेहमीसारखा वेळ घेतला.

"हसू देत," ती म्हणाली. "माझं बोलणं संपेपर्यंत मी थांबणार नाही."

इथल्या काही आया माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. बघा. मीही दोन दिवस रडले. पण बाई, जिथे तिला ढकलतील म्हणून मी दूध बदललं, तिथे ती आता स्वतःच्या पायांनी चाललीय. याहून मोठा निरोपाचा आहेर तुम्हाला द्यायला माझ्याकडे नाही.

अध्यक्षांनी मला दिलेली पाच मिनिटं केव्हाच संपली, तरी घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी चहा गार होऊ देऊन ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला माझं बोलणं लागलं असेल, तर मन मोठं करून सांभाळून घ्या. आणि ज्यांना अगदीच सांभाळून घेता येणार नाही, त्यांनी मला तोंडावर सांगा. आता मला त्याची भीती वाटत नाही.