खंडेनवमीला गेट उघडू नका

—नाय हो भाऊ, आत सोडा म्हणायला नाय आले मी, सोडू नका म्हणायला आले. घ्या, चहा घ्या आधी, घरनं आणलाय, आलं घातलंय. तुम्ही नवीन वॉचमन ना इथले? तेच म्हणलं, तोंडओळख नाय, आपणच जाऊन सांगावं. आता थोड्या वेळानं आमचे मालक येतील, दौलतराव नाव, काठी टेकत येतील, हातात झेंडूचा हार असेल — आज खंडेनवमी ना. म्हणतील, भाऊ, गेट उघडा, माझ्या मशीनची पूजा करायचीय. तुम्ही म्हणायचं, चावी शेठकडं आहे. बस, एवढंच. ओरडायचं मात्र नाय हं, त्यांच्यावर कुणी ओरडलेलं मला चालत नाय.

का म्हणजे? आत बघितलंत ना तुम्ही? काय आहे आत — रिकामी शेड आणि कबुतरं. मशीनच्या जागी जमिनीतनं नुसते बोल्ट वर आलेत. ते त्यांना माहीत नाय. त्यांना वाटतं लेथ आपली उभी आहे तिथंच, कापड पांघरून. टर्नर होते ते, सगळी उमर त्या एका लेथवर काढली. कंपनी चालू होती तेव्हा खंडेनवमीला आम्हा बायकापोरांना आत घ्यायचे — काय थाट सांगू, मशीनला हळदकुंकू, उसाच्या कांड्या, पेढे! आमचा अभिजीत एवढासा, मशीनच्या हँडलला हात लावून पाया पडायचा. मग टाळं लागलं. सगळ्या कामगारांनी इथं, या गेटवर, नारळ फोडून शपथ घेतली — कंपनी परत सुरू होईपर्यंत एकही मशीन बाहेर जाऊ द्यायचं नाय. मशीन आहे तोवर कंपनी आहे, असं हे म्हणायचे. आणि बसले ना ताडपत्री बांधून. ऊन बघितलं नाय, पाऊस बघितला नाय. बाकीचे हळूहळू उठले — कुणी गावी गेलं, कुणी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसलं, दोघंतिघं तर वरच गेले. त्यांना नावं नाय ठेवत मी, पोट कुणाला चुकलंय? हे तेवढे राहिले. तुमच्याआधीचा वॉचमन भला माणूस, खंडेनवमीला तेवढं आत सोडायचा यांना. पूजा करायचे, गंज चढू नये म्हणून तेलपाणी करायचे, आणि बाहेर आल्यावर मला सांगायचे, राजाबाई, आजही बटण दाबलं तर फिरेल.

स्वभावच तो, काय करणार. बहात्तरच्या दुष्काळात बघितलं मी त्यांना पहिल्यांदा. आमच्याकडं, नगरकडं, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो सगळे — माझी आई, मी, अख्खं गाव. खायला सुकडी. बायका पोरं पदराखाली घेऊन उन्हात, आणि मुकादम पाणी प्यायलाही उठू देईना. तर हा पोरगा, मिसरूडसुद्धा नाय फुटलेली, यानं हातोडा खाली ठेवला. बोलला काय नाय, नुसता ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला, मग सगळ्या रांगेनं. संध्याकाळच्या आत पाण्याचे रांजण आले आणि पोरांना सावलीला मांडव. तेव्हाच माझ्या मनात बसलं — पण बोलायची सोय होती का तेव्हा? मग पुढं लग्न, अंबरनाथ, शिवमंदिरामागची खोली, कंपनी, युनियन. माणूस बदलला नाय. जगच बदललं.

मग मशीन गेली कधी, हेच विचारताय ना. यंदाच, हे दवाखान्यात होते तेव्हा. छाती. पावसाळाभर खाटेवर. इकडं कंपनी विकली गेली, भंगारवाला आला, मागची भिंत पाडून ट्रक लावले. अडवायला कोण होतं? एवढ्या मोठाल्या मशीन अख्ख्या निघत नाय म्हणे, गॅसच्या कटरनं कापाव्या लागतात — कापल्या. यांची लेथ कापली त्या दिवशी अभिजीत घरी आला तर जेवेचना. मोरीत हात धूत बसला, धूतच बसला...

हां. तोच. बोलून गेले बघा मी. तोच कटर चालवतो भंगारवाल्याकडं. मी काय म्हणणार त्याला? म्हणाला, आई, मी नाय कापलं तर दुसरा कापणार, आणि बाबांचं औषध कुठनं येणार? खरंच आहे ते. त्याच मजुरीची औषधं आली घरात, मीच पाजली यांना चमच्यानं. रडू यायचं, तोंड फिरवून पाजायची. यांना सांगितलंय, पोरगा जीन्सच्या कारखान्यात आहे. शर्टाला भोकं पडतात ठिणग्यांची, मी म्हणते इस्त्रीनं जळलं. कटर पोत्यात बांधून घरात पाण्याच्या पिंपामागं ठेवतो तो. बापाच्या समोर बसून जेवत नाय, उंबऱ्यावर ताट घेतो, पाठ करून. एकच पोर आहे भाऊ मला. यांना कळलं तर हे काय बोलणार नाय, नुसते ताटावरनं उठतील, आणि ते पोरगं जीव देईल माझं. म्हणून हात जोडते, आजच्या दिवस गेट —

आले. ते बघा, आलेच. लक्षात आहे ना, चावी शेठकडं.

अहो, सावकाश, दगड आहे तिथं. मी होय, मी सहज आले, या भाऊंना चहा द्यायला. अहो, ते म्हणतायत चावी... हार कुठाय? विसरलात? मग? घरीच घातला? घरात कुठली मशीन आहे आपल्या, की —

पिंपामागनं काढलंत?

कधीपासनं? ... शर्ट बघूनच? ... आणि मला बोलला नाहीत ते?

भाऊ, राहू द्या चावी. गेट उघडायचं नाय त्यांना, ते मला न्यायला आलेत. कटरला हळदकुंकू लावलं म्हणतात, हार घातला — आज घर ज्या हत्यारावर चालतं त्याची पूजा, म्हणतात. आणि पोराला आपल्या शेजारी पाट मांडून बसवलंय, माझ्यासाठी थांबलेत जेवायचे.

चला. धरा माझा हात. नाय हो, मी कुठं रडते, तुम्हीच रडताय. ... भाऊ, किटली असू दे तिथंच. बघू नका आमच्याकडं, जा, आत जा तुम्ही.