सप्तमीची भरती

बेलापूरला बसच्या रांगेत, कामावरून घरी निघालेल्या हौसेरावांच्या पुढं एक कोळीण आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी उभी होती.

“आई, सरांनी वर्गात विचारलं, उद्या भरती किती वाजता?”

“उद्या सप्तमी. तिथी सात, साताचं पाऊनपट म्हंजे सवापाचला भरती. सांगितलंस ना?”

“नाही. सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. मग सर म्हणाले, मोबाइल नसताना कोळी कसं काढायचे?”

“तवा तरी बोललीस?”

“कशी बोलणार? मी कोळीवाड्यात नाही, सेक्टरमध्ये राहते असं सांगितलंय सगळ्यांना.”

कोळणीनं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“आता सर उद्या अख्खा वर्ग घेऊन आपल्या दिवाळे कोळीवाड्यात येतायत. कोळ्यांनाच विचारायला.”

“मंग सांजच्या सवापाचलाच येऊ दे. तुझ्या बाबाची होडी तवाच धक्क्याला लागते. तो सांगंल.”

“आणि मी?”

“तूपन ये वर्गासंगट. मी वळख नाय दाखवनार.”