वाचनालयाची नवी वेबसाइट

मला सांगा, नुसतं टक लावून बघणाऱ्या माणसापुढे कुणाला काही सुचतं का? आमच्या वाचनालयातल्या ताईंनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हणाल्या, "बाबा, नव्या वेबसाइटवर एक पुस्तक शोधून दाखवा. मी मदत करणार नाही, फक्त बघणार."

नाही जमलं तर वाचनालयाचं कार्ड जाणार, असंच मी धरून चाललो. दुपार काढायला मला तेवढीच एक जागा. एकेक अक्षर शोधून चौकटीत लिहिलं, 'ताई, द्राक्षाच्या छाटणीचं पुस्तक आहे का?' उत्तर आलं, 'काहीही सापडले नाही.' ताईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी कपाळ पुसत विचारलं,

"कार्ड काढून घेणार का?"

"अहो बाबा, परीक्षा वेबसाइटची आहे, तुमची नाही."

"मग घाम तिला फोडा की, मला कशाला?"