सुधाकर भाऊजींच्या शेवटच्या यानाचा साचा

सगळ्यांना जयभीम.

आत्ताच इथं विहारात बुद्धवंदना झाली. त्यानंतर बोलायला उभं राहणं सोपं नाही. पूर्णा स्टेशनजवळ पाट्या रंगवणारे आमचे सुधाकर भाऊजी गेले. मी त्यांची थोरली वहिनी. समोर त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ रेखा बसली आहे. तिच्याकडं बघत मला हे बोलता येणार नाही, म्हणून मी भिंतीकडं बघून बोलते. राग मानू नका.

बाबांनो, भाऊजींचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. दुकानांच्या पाट्या पोटासाठी. मनासाठी सिनेमातली अंतराळयानं, खेळण्याएवढी. पाइपाचे तुकडे, बिघडलेल्या पंपाच्या चकत्या, काय वाट्टेल त्यातून. आमचे हे चिडवायचे, "सुध्या, तुझं विमान नांदेडपर्यंत तरी जाईल का रे?" भाऊजी म्हणायचे, "दादा, आधी तिकीट काढा, मग सांगतो."

पुढं लोक मोबाईलवर बघून विकत मागू लागले, मग भाऊजी साचे करून एकासारखी एक यानं काढू लागले. तेव्हा मी विचारलं, भाऊजी, सिनेमा दुसऱ्याचा, यान दुसऱ्याचं. न दिलेलं घेणार नाही, असं शील आपण विहारात घेतो. हे त्यात बसतं का? ते म्हणाले, "वहिनी, चोर नाव खोडतो. मी तर त्यांचं नाव घालायलोय." आणि खरंच, प्रत्येक यानाच्या पोटावर त्यांनी सिनेमाच्या कंपनीचं नाव, चिन्ह, सगळं सुरेख रंगवलं. पाटीवाल्याचा हात तो. ज्याचं दुकान, त्याचं नाव.

तेच अंगाशी आलं. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. यानाची नक्कल केली हा एक आक्षेप. आमचं चिन्ह लावून विकली, म्हणजे माल आमचाच असं भासवलं, हा त्याहून मोठा. भाऊजी एवढंच बोलले, "मान दिला, तर लबाड म्हणायलेत." विक्री त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

नोटिशीनं गेले असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. पण मला काही विचारायचं आहे.

परभणीचे खेळणीवाले शेठ पहिल्या रांगेत बसलेत. आलात, बरं झालं. शेठ, हीच यानं तुमच्याही काचेच्या कपाटात होती. तुम्हीच भाऊजींना म्हणाला होतात, "तुमी फक्त बनवा, परवाना माझ्याकडं हाय." मी म्हणाले, दाखवा. तुम्ही म्हणालात, "ऑफिसात हाय, ताई." कुठल्या ऑफिसात? मी घरखर्च लिहिणारी बाई. किराणावाल्यालाही पावती मागते. तुमचा परवाना मला अजून दिसला नाही. मग नोटीस एकट्या भाऊजींनाच कशी आली? त्यांचा पत्ता कंपनीला कुणी दिला? माझ्याकडं पुरावा नाही. शंका आहे. खोटी ठरली तर इथंच, याच विहारात, हात जोडून माफी मागेन.

नोटिशीनंतर भाऊजींनी एक नवं यान केलं. कुठल्या सिनेमातलं नाही. येलदरीला धरणाचे दरवाजे बघत बसले होते, तिथं त्यांना ते सुचलं. त्याचा साचा केला आणि मला विचारलं, "वहिनी, आता याच्यावर कुणाचं नाव घालू?" मी म्हणाले, तुमचं. लय लाजले. "स्वतःची पाटी कधी लिहिली न्हाई हो." ती लिहायची राहिली.

आणि शेठ, परवा तुम्ही केळी घेऊन सांत्वनाला आलात. केळ्यांच्या पिशवीत कागद होता. सुधाकरचं काम पुढं चालवतो म्हणालात, रेखाला सही मागितली. मी दहावी पास, पण दोनदा वाचते. त्यात लिहिलंय, सगळे साचे तुमचे. आणि कुणाची तक्रार आली, तर जबाबदार रेखा. सगळे साचे, म्हणजे येलदरीचाही. तोच तुम्हाला हवाय, खरं ना? त्याच्यावर तर कुठलीच कंपनी नोटीस पाठवू शकत नाही.

तो साचा माझ्या घरात कुलपात आहे. सिनेमाच्या यानांचे साचे आम्ही मोडून टाकणार. जे दुसऱ्याचं, ते आम्हाला नको. पण जे भाऊजींचं, ते कुणी नेऊ नये. ते रेखाचं आहे. वकिलाला विचारून, भाऊजींचं नाव घालून, ती ते यान करेल तेव्हा करेल.

आता दोन मिनिटं उभं राहू. रेखा, ऊठ बाई, हात जोड. आणि तिचे हात जोडलेले आहेत तोवरच नाही, त्यानंतरही तिच्यापुढं कुणी पेन धरू नये.

भाऊजी, तुम्हाला जयभीम.