नकाशाच्या कोपऱ्यातला तिसरा रकाना

पाच जण बोलून झाले, सरांच्या गळ्यात हार पडले, शाल झाली, श्रीफळ झालं, आणि त्या रकान्याबद्दल एकानंही शब्द काढला नाही. मी मागच्या रांगेत बसून वाट बघत होते, आता कोणीतरी काढेल, मग काढेल. पत्रिकेत माझं नाव नाही हे मला ठाऊक आहे. आमचा रघू सुपरवायझर मघापासून खाली बसा म्हणून हात करतोय, तेही दिसतंय. पण आता उभी राहिलेच आहे, तर रीत पाळते.

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ड्रॉइंग ऑफिसचे मालक मनोजशेठ, मुंबईच्या मोठ्या कंपनीतून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे विपुलसाहेब, आजचे सत्कारमूर्ती तुळशीराम सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, ऑफिसची मंडळी, अंजूर आणि कशेळीचे ग्रामस्थ, आणि आज अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेल्या माझ्या टोळीच्या बाया, सगळ्यांना नमस्कार.

मी कमळ लडकू शेलार. गोडाऊनच्या पायाखोदाईची चौदा बायांची टोळी चालवते. शाळा तिसरीपर्यंत. हा कागद मीच लिहिलाय. सून म्हणाली, "आई, मी शुद्ध करून देते." मी नको म्हटलं. शुद्ध करताना ती कडक शब्द काढून टाकते.

सरांबद्दल आतापर्यंत काय ऐकलं? वक्तशीर, मनमिळाऊ, अजातशत्रू. हे कोणालाही लागू पडतं. सर काय करायचे ते सांगा ना. सर अडतीस वर्षं नकाशे काढत होते. आधी तिरप्या टेबलावर, शाईच्या पेनानं. चुकलं की ब्लेडनं खरडायचं. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीचे दोघे जुने लोक घाबरून नोकरी सोडून गेले आणि सर राहिले. वहिनी सांगतात, पहिली दोन वर्षं सर पडद्यावरची रेघ पुसली की वर फुंकर मारायचे, रबराचा चुरा उडवायला. हसा, हसायचीच गोष्ट आहे. पण ज्या माणसाला पुसलेल्या रेघेचा चुरा दिसतो, त्याला आपण काय पुसलं हेही लक्षात राहतं. एकदाच राहिलं नाही. ते आता सांगते, कारण ते सोडून सरांचं कौतुक करणं म्हणजे मीठ न घालता कालवण वाढणं.

सात वर्षं झाली. अंजूरला खाडीच्या अंगाला पहिलं मोठं गोडाऊन उभं राहत होतं. त्याच्या कंपाउंडच्या भिंतीचा पाया आमच्या टोळीनं खोदला. महिना पौष. जागेच्या मधोमध एक चर होता, कोरडा, गवतानं भरलेला. तो चर उधाणाच्या पाण्याचा. खाडी भरली की पाणी त्यातून आत येतं आणि ओहोटीला त्यातूनच परत जातं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पाया आखायला मारलेली फक्कीची पांढरी रेघ त्या चरावरून आडवी गेलेली बघून मी कुदळ खाली ठेवली.

मी रघूला म्हटलं, "रघू, इथून पाणी जाते."

रघू म्हणाला, "कागदावर चर हाय का?"

"कागदावर न्हाय. जमिनीवर हाय."

"कॉम्प्युटरचा नकाशा हाय तो. तुला जास्त कलते का कॉम्प्युटरपेक्षा? खण."

रघू, मान खाली घालू नकोस, मी माझंही सांगतेय. मला कळत होतं आणि मी खोदलं. ती माझी चूक. मला वाटलं, इतका स्वच्छ कागद, इतक्या सरळ रेघा, मशीननं काढलेल्या. आपले डोळेच चुकत असतील. माणूस कागदाला भितो, आणि कमी शिकलेला जास्त भितो.

श्रावणातल्या पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता उधाण आलं. पाणी भिंतीला थटलं आणि वळून वस्तीत घुसलं. माझ्या टोळीतल्या बायजाबाईच्या घरात मांडीइतकं पाणी. चूल गेली, धान्याचा डबा तरंगत अंगणात आला. ती पाटावर पाय वर घेऊन बसलेली, आणि मी तिच्या दारात उभी. ज्या भिंतीनं तिचं घर बुडवलं, तिचा पाया आम्ही दोघींनी मिळून खोदला होता. कोणाला शिव्या देणार?

दुसऱ्या कोणी फोन बंद केला असता. सर भिवंडीहून रिक्षानं आले, पँट दुमडून पाण्यात उतरले. सगळी वस्ती गोळा झालेली. सर म्हणाले, "चूक माझी आहे. चर मी काढला होता. त्याचा दिवा बंद राहिला."

लोकांना वाटलं, माणूस गडबडलाय, दिव्याचं काय बोलतोय. मग सरांनी समजावलं, तसंच मी सांगते. कॉम्प्युटरमध्ये नकाशा म्हणजे एक कागद नसतो. एकावर एक ठेवलेले थर असतात. एका थरावर भिंती, एकावर खांब, एकावर विजेच्या तारा, एकावर पाणी. प्रत्येक थरापुढे एक छोटा दिवा. दिवा लावला की तो थर दिसतो, विझवला की दिसत नाही. थर आतमध्ये असतो, जात कुठेच नाही, फक्त दिसत नाही. गोडाऊनच्या मालकाला दाखवायला नकाशा मोकळा-मोकळा दिसावा म्हणून सरांनी पाण्याचा दिवा बंद केला. आणि त्याच नकाशाची दुसरी प्रत साइटवर आली.

तेव्हा बायजाबाईची मुलगी आठवीत होती. दप्तर डोक्यावर धरून पाण्यात उभी. तिनं सरांना विचारलं, "सर, आमचा चर कागदावर दाखवायला किती जागा लागते?"

सर म्हणाले, "दोन रेघा."

त्या मुलीचं नाव क्षितिजा. ती बघा, तिसऱ्या रांगेत. आता लाजते, तेव्हा लाजली नव्हती.

भिंत फोडली. त्यात मोरी, म्हणजे भिंतीखालून पाणी जायची वाट, बसवायची ठरली, तिचा नकाशा सरांनी काढला. आणि पुढच्या गुरुवारी सर स्वतः तो कागद घेऊन साइटवर आले. वाळूवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या.

"कमळताई, वाचा."

मी म्हटलं, "सर, मी तिसरी शिकलेली."

"अक्षरं वाचायला सांगत नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते बोटानं दाखवा."

मी दाखवलं. मग बाकीच्या तेरा जणींनी दाखवलं. दोघींनी वेगळं दाखवलं, त्यावरून भांडण झालं, आणि भांडणातून कळलं की मोरी एक नाही, दोन लागतात. सर दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन आले. त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणी काढला आणि कोणी तपासला असे दोन रकाने असतात, तिथे सरांनी तिसरा रकाना आखला होता. वर लिहिलेलं, "साइटवर कोणी वाचला". आणि मला पेन दिलं.

त्या दिवशी मी माझं नाव लिहिलं, ते रेशनच्या दुकानात लिहिते त्याहून मोठं लिहिलं.

त्यानंतर सात वर्षं आमच्या हातातून एकही नकाशा न वाचता गेला नाही. तुटक रेघ म्हणजे मातीखालचं, हे आम्ही शिकलो. सेक्शन म्हणजे काय, सर सांगून थकले. शेवटी मी म्हटलं, "सर, भरल्या वांग्याला काप देतात तेच ना?" सर म्हणाले, "तेच." मग सगळ्या जणींना कळलं. कशेळीच्या एका गोडाऊनला बायकांच्या संडासाचं दार बरोबर ट्रक लागतात तिकडे उघडत होतं. मी बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी काढलं, पुरुषानं ना?" सरांनी तिथेच लाल पेनानं खूण केली आणि संध्याकाळच्या आत दार फिरलेला कागद हजर. टेबलावरचा नकाशा असता तर खरडायला दोन दिवस गेले असते. म्हणून म्हणते, मी मशीनच्या विरोधात नाही. मशीन चांगली आहे. ती सांगितलेलं लगेच ऐकते. तिला सांगणारा माणूस पाहिजे.

आता विपुलसाहेब, तुमच्याकडे येते. पाहुणे आहात, मान राखून बोलते. तुम्ही मघाशी म्हणालात, सरांची जागा भरायची गरज नाही, नकाशे यापुढे तुमच्या कंपनीतून एका दिवसात येतील, आणि मशीन चुकत नाही. बरोबर आहे, साहेब. अंजूरलाही मशीन चुकली नव्हती. दिवा माणसानं बंद केला होता, आणि चुकलो म्हणायला माणूसच पाण्यात उतरला. तुमच्या कंपनीतून कोण उतरणार आहे, तेवढं नाव सांगून ठेवा.

मंगळवारी तुमचा पहिला नकाशा आला, कशेळीचा. रघूच्या मोबाइलवर. बोटानं मोठा केला की खांब दिसतात तर भिंत जाते, भिंत दिसते तर खांब जातात. मी नाक्यावरून मोठा कागद काढून आणला आणि वाळूवर पसरला. विटा ठेवल्या. कोपऱ्यात दोनच रकाने. मी रघूला विचारलं, "तिसरा कुठे गेला?" तो म्हणाला, "ताई, आता सगला ऑनलाइन हाय."

बरं, ऑनलाइन तर ऑनलाइन. आम्ही वाचला. खाडीकडची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. एक मोरी नाही. तेच पाणी, तीच खाडी, फक्त गाव दुसरं. सोमवारी त्या पायाची खोदाई आहे.

मी कागद घेऊन क्षितिजाकडे गेले. आयटीआय करून ती दोन वर्षं सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. तिनं फाइल उघडली आणि सगळे दिवे लावले. पाण्याचा थरच नव्हता. बंद नाही, साहेब, नव्हताच. तुमचाही दोष नाही, तुम्ही कशेळीची खाडी भरलेली बघितलीच नाही, तर काढणार कुठून? ती बुधवारी कशेळीला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांना घेऊन भिंतीच्या फक्कीवरून चालली. त्यांनी तीन जागा दाखवल्या. तिनं तीन मोऱ्या काढल्या. कागद तयार आहे. सरांनी तपासून सही केली, नोकरीतली शेवटची सही तीच. तिसऱ्या रकान्यात मी नाव लिहिलंय. बायजाबाईनंही लिहिलंय, माझ्या खाली, पहिल्यांदाच. ती महिनाभर दगडी पाटीवर गिरवत होती.

मनोजशेठ, तुम्ही वाईट माणूस नाही. भिंत फोडायला तुम्हीच गोडाऊनवाल्याशी भांडलात, हे आम्ही विसरलो नाही. म्हणून तुमच्याकडेच मागते. सरांची खुर्ची रिकामी ठेवू नका. ती क्षितिजाला द्या. बाहेरून नकाशे खुशाल मागवा, पण ते तिच्या टेबलावरून आणि आमच्या वाळूवरून जाऊ द्या. ती मला उद्या म्हणेल, "मावशी, सगळ्यांसमोर कशाला?" अगं, चार भिंतींत मागितलं की चार भिंतींतच राहतं.

सर, तुम्हाला काय देऊ? शाल झालीच आहे. आम्ही चौदा जणींनी अंजूरचा तो पहिला कागद, मोठ्या अक्षरांतलं माझं नाव असलेला, काचेत बसवून आणलाय. वाळूचे डाग आहेत, पुसायला निघाले होते, मग राहू दिले. घरी लावा. आणि उधाणाच्या दिवशी कधी वाटलं, तर रिक्षा करून या. आता पँट दुमडावी लागणार नाही, पाणी मोरीतून जातं. बघायला या नुसते.

मला बोलू दिलंत, म्हणजे अडवलं नाहीत, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. वहिनींचे आभार, सात वर्षं दर गुरुवारी सर साइटवरून घरी गेले की त्यांच्या बुटांतली वाळू त्यांनी झाडली. बोलताना कोणाला लागलं असेल तर पदर पसरून माफी मागते. रघू, तुझीही. फक्त जे मागितलं त्याची माफी मागत नाही.

मनोजशेठ, सोमवारी सकाळी आठला माझी टोळी कशेळीला कुदळी घेऊन उभी असेल. ज्या कागदावर तिसरा रकाना आहे त्यावर खोदू, ज्यावर नाही त्यावर बसून राहू. आज गुरुवार. क्षितिजाची खुर्ची, हो की नाही, ते मला शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत सांगा. फोनवर नको, साइटवर या. कागद पसरलेला असेल.