कच्च्या वहीतलं अक्षर

(बोरिवली. वकील निधी यांचं ऑफिस. समोर सहदेव आणि त्याची बायको मालन.)

निधी: काकूंच्या शिक्षेवर अपील करायला अजून अकरा दिवस आहेत, काका. पण आधी हे सांगा, खऱ्या हिशेबाच्या कच्च्या वहीतलं हे अक्षर काकूंचं आहे?

सहदेव: ते सोडा ना, मॅडम. शिक्षा कमी करा एवढंच मागा. बाईमाणूस आहे, शुगर आहे, असं काहीतरी लिहा.

निधी: लिहीन. कोर्ट विचारेल, सहा वर्षं कर चुकवला तेव्हा शुगर नव्हती का? काकू, खालच्या कोर्टात तुम्ही म्हणालात, वही मीच लिहायचे.

मालन: म्हटलं खरं.

निधी: का?

सहदेव: अहो, केटरिंग तिचंच. लायसन तिचं, बँकेत खातं तिचं.

निधी: कारण सरकारी नोकरीत तुम्हाला धंदा करता येत नाही.

सहदेव: सगळेच करतात, मॅडम. आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांचे धंदे बायकोच्या नावावर आहेत.

निधी: त्या बायकांना सहा महिन्यांची शिक्षा झालेली नाही.

मालन: मी चारशे माणसांचं जेवण करायचे. हे ऑफिसातून आले की वही घेऊन बसायचे. सही कर म्हणाले की मी पिठाचे हात पुसून सही करायचे.

सहदेव: मालन!

मालन: गप बसा जरा.

निधी: हेच अपिलात मांडू. अक्षर तपासायला द्या म्हणून अर्ज करते. पण मग सगळं काकांवर येईल.

सहदेव: रिटायर व्हायला सात महिने राहिलेत माझे! पेन्शनची वाट लागेल. कोणासाठी केलं मी? घरासाठीच ना? आणि तुला जामीन आहेच की गं. अपील चार-पाच वर्षं चालतं.

मालन: आणि मग?

सहदेव: तोवर काहीतरी होईल.

मालन: निकाल लागला तेव्हा पोलीसबाईंनी माझा दंड धरला, मॅडम. जामीन होईपर्यंत दोन तास बाकड्यावर बसवलं. फार घाबरले होते मी. सारखं वाटत होतं, आता हे पुढे येऊन सांगतील. हे बाहेर फोनवर.

सहदेव: जामीनदार शोधत होतो गं तुझ्यासाठी!

मालन: माहितीये मला.

निधी: काकू, अपील तुमचं आहे. तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार.

मालन: ह्यांना विचारायला नको?

निधी: नको.

मालन: मग ह्यांना जरा बाहेर बसायला सांगा.